जपानच्या फास्ट फूड चेनमध्ये जेवताना: कूपन, रस्सा आणि न दिसणारा मासा

टोकियो किंवा ओसाकाच्या कुठल्याही मोठ्या स्टेशनातून बाहेर पडलं की पाच मिनिटांच्या अंतरात केशरी पाटीचं योशिनोया, लाल पाटीचं सुकिया नाहीतर पिवळ्या पाटीचं मात्सुया सापडतंच. आत लांब कट्ट्याला लागून माणसं ओळीने बसलेली असतात, मुकाट्याने जेवतात आणि दहा मिनिटांत उठून जातात. साधारण 450 ते 500 येनमध्ये, म्हणजे ढोबळ हिशेबाने अडीचशे-तीनशे रुपयांत, गरम आणि पोटभर जेवण होतं. तरीही भारतातून गेलेले बरेच पर्यटक दारातूनच परत फिरतात आणि ओळखीच्या अमेरिकन बर्गरकडे वळतात.

अडचणी दोन असतात. आत गेल्यावर आधी काय करायचं ते कळत नाही, आणि समोर आलेल्या वाडग्यात नेमकं काय आहे ते कळत नाही. पहिली अडचण एका दिवसात सुटते. दुसरी मात्र पदार्थाच्या नावावरून, फोटोवरून, कधी कधी चवीवरूनही सुटत नाही. शाकाहारी किंवा गोमांस न खाणाऱ्या माणसाने मेनूपेक्षा रश्शाची चौकशी आधी करावी, ती यासाठी.

आधी कूपन

सेल्फ सर्व्हिसवाल्या उडुपी हॉटेलात आपण गल्ल्यावर पैसे देऊन कूपन घेतो आणि मग ते आतल्या काउंटरवर देतो. जपानमध्ये गल्ल्यावरच्या माणसाच्या जागी यंत्र आहे, एवढाच फरक. दारातून आत शिरल्यावर लगेच डाव्या-उजव्या हाताला ते उभं असतं. कूपनला म्हणतात ‘शोक्केन’. मात्सुया, नाकाऊ, फुजी सोबा आणि स्टेशनांतली बहुतेक उभ्याने खायची नूडल्सची दुकानं अशा यंत्रावर चालतात. योशिनोयात परंपरेने आधी बसायचं, तोंडी सांगायचं आणि निघताना पैसे द्यायचे, तर सुकियात टेबलावर टॅब्लेट असतो. त्यामुळे दारात यंत्र दिसलं नाही तर सरळ जाऊन बसावं. कुणी हटकत नाही.

यंत्रं दोन पिढ्यांची आहेत आणि त्यांचा क्रम उलटा आहे, इथेच घोळ होतो. बटणांच्या जुन्या यंत्रात पैसे आधी टाकायचे. तेवढ्या पैशांत जे जे येतं त्याची बटणं पेटतात. हवं ते दाबलं की कूपन पडतं, आणि मग सुट्ट्या पैशांसाठी वेगळी कळ दाबावी लागते. ती राहिली तर तुमची मोड मागच्या माणसाला मिळते. टच स्क्रीनच्या नव्या यंत्रात आधी पदार्थ निवडायचा आणि पैसे शेवटी. तिथे कोपऱ्यात भाषा बदलायचं बटण असतं. ते पहिल्याच पडद्यावर शोधावं, कारण मधल्या पडद्यांवर ते बऱ्याचदा दिसत नाही. फार वेळ विचार करत उभं राहिलं की पडदा आपोआप पहिल्या पानावर जातो आणि निवडलेलं सगळं पुसलं जातं. मागे रांग असेल तर बाजूला होऊन बाहेरच्या काचेतल्या प्लास्टिकच्या नमुन्यांवरून आधी ठरवून घेणं सोपं.

आता नोटांचं. विमानतळावर परकीय चलन बदललं की हातात 10,000 येनच्या नोटा येतात, आणि जुन्या यंत्रांना त्या चालत नाहीत. बऱ्याच यंत्रांत 1,000 चीच नोट जाते. त्यात 3 जुलै 2024 पासून 1,000, 5,000 आणि 10,000 च्या नव्या नोटा चलनात आल्या. मोठ्या चेननी यंत्रं बदलून घेतली, पण छोट्या दुकानांना तो खर्च जड गेला, म्हणून काही यंत्रं नवी नोट परत बाहेर ढकलतात. 2021 मध्ये आलेल्या दोन रंगांच्या 500 येनच्या नाण्याचंही तसंच. 1 आणि 5 येनची नाणी तर जवळजवळ कुठलंच कूपन यंत्र घेत नाही. उपाय साधा: सकाळी एखाद्या कन्व्हीनियन्स स्टोअरमध्ये पाण्याची बाटली घेऊन मोठी नोट मोडायची आणि खिशात 1,000 च्या दोन-तीन नोटा आणि 100 ची नाणी ठेवायची. सुईका किंवा पास्मो हे रेल्वेचं कार्ड असेल तर बहुतेक मोठ्या चेनमध्ये त्यानेही पैसे देता येतात. त्यात एका वेळी 20,000 येनपर्यंतच शिल्लक ठेवता येते.

यंत्र किंवा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो इथे खाणार की घेऊन जाणार. ‘तेन्नाई’ म्हणजे दुकानात, ‘मोचिकाएरी’ म्हणजे पार्सल. प्रश्न औपचारिक नाही. ऑक्टोबर 2019 पासून दुकानात बसून खाल्लं तर 10 टक्के कर आणि पार्सलला 8 टक्के. काही चेन दोन्हीची अंतिम किंमत एकच ठेवतात, काही ठेवत नाहीत. पार्सलचं बटण दाबून आत बसणं मात्र बरं दिसत नाही.

कूपन घेऊन बसल्यावर ते कट्ट्यावर समोर ठेवायचं. कर्मचारी ते मधोमध फाडतो आणि अर्धं तुमच्याकडे राहतं. जेवण येईपर्यंत ते टाकू नये. मात्सुयाच्या अनेक शाखांत आता तेही नाही. पैसे भरले की ऑर्डर थेट आत जाते, पडद्यावर नंबर लागतो, ताट स्वतः आणायचं आणि संपल्यावर परतीच्या खिडकीत स्वतः ठेवायचं. पाणी फुकट, तेही बहुतेक ठिकाणी हाताने घ्यायचं. टिप नाही. कट्ट्यावर ठेवलेली नाणी ‘राहिली’ समजून मागे पळत येऊन परत देतात.

मिसळीला जसा रस्सा, तसा ग्यूदोनला त्सुयू

ग्यूदोन म्हणजे भातावर कांद्याबरोबर शिजवलेले गोमांसाचे पातळ काप. ज्यांना चालतं त्यांनी जपानी चेनची ओळख इथूनच करून घ्यावी, कारण फास्ट फूडचा जपानी अर्थ या एका वाडग्यात आहे. योशिनोयाचं पहिलं दुकान 1899 साली टोकियोतल्या निहोनबाशीच्या मासळी बाजारात निघालं. पहाटेपासून टोपल्या उचलणाऱ्या माणसांना बसायला वेळ नव्हता. भात, वर गरम कालवण, एकच भांडं, चार घास आणि परत कामाला. 1923 च्या भूकंपानंतर बाजार त्सुकिजीला गेला, दुकानही मागोमाग गेलं. झटपट, स्वस्त आणि चवदार हे त्यांचं ब्रीद त्या बाजारातल्या गिऱ्हाइकांनी ठरवून दिलेलं आहे.

वाडगा मिनिटाभरात समोर येतो याचं कारण मांस सतत मंद आचेवर रश्शात असतं. कर्मचारी ते एका सपाट झाऱ्याने उचलतो. योशिनोयाच्या झाऱ्याला 47 भोकं असतात, ती मांसाबरोबर भातावर नेमका किती रस्सा पडावा या हिशेबाने पाडलेली. तुम्हाला कमी-जास्त हवा असेल तर शब्द आहेत. ‘त्सुयुदाकू’ म्हणजे रस्सा जास्त, ‘त्सुयुनुकी’ म्हणजे रस्सा निथळून. मिसळीला तर्री वाढवून मागण्याइतकंच हे रोजचं आहे, आणि त्याचे पैसे पडत नाहीत. पहिल्यांदा मात्र नेहमीचाच घ्यावा. त्सुयुदाकूमध्ये तळाचा भात लगदा होतो आणि चॉपस्टिकने उचलत नाही.

आकाराचे शब्दही लक्षात ठेवण्यासारखे. ‘नामीमोरी’ म्हणजे साधा, आणि मध्यम भुकेला तो पुरतो. ‘ओओमोरी’ मोठा, त्यात भातही वाढतो. योशिनोयात ‘आतामा नो ओओमोरी’ असा एक प्रकार आहे: भात साध्याइतका, मांस मोठ्याइतकं. ‘आतामा’ म्हणजे डोकं, वाडग्याचं डोकं म्हणजे वरचा भाग. कट्ट्यावर डब्यात लाल आलं असतं, बेनी शोगा, चिमट्याने हवं तेवढं घ्या. शेजारी शिचिमी, म्हणजे सात जिनसांची मिरचीपूड. आपल्या जिभेला ग्यूदोन गोड लागतो, कारण रश्शात सोय सॉसबरोबर साखर असते. भरपूर लाल आलं आणि शिचिमी घातली की तो गोडवा आटोक्यात येतो. वेगळ्या वाटीत कच्चं अंडं मागवून, फेटून वरून ओततात. जपानात अंडी कच्ची खाण्याच्या हिशेबाने धुऊन आणि तारीख घालून विकली जातात, म्हणून तिथे ते चालतं. त्यावरून घरी आल्यावर बाजारातल्या अंड्यांवर प्रयोग करू नये. मात्सुयात याच पदार्थाला ‘ग्यूमेशी’ म्हणतात आणि तिथे बसून खाल्लं तर मिसो सूप, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं सूप, बरोबर फुकट येतं. इतर दोघांकडे त्याचे वेगळे पैसे.

ही माणसं या वाडग्याबद्दल किती हट्टी आहेत त्याचा पुरावा 2004 सालचा. डिसेंबर 2003 मध्ये अमेरिकेत एका गाईला बीएसई, म्हणजे ‘मॅड काउ’, रोग सापडला, जपानने अमेरिकन गोमांस बंद केलं, आणि योशिनोयाने दुसऱ्या देशाचं मांस वापरण्याऐवजी फेब्रुवारी 2004 मध्ये ग्यूदोन विकणंच थांबवलं. त्यांची चव अमेरिकन गुरांच्या पोटाकडच्या, चरबीचे पदर असलेल्या भागावर बसवलेली होती. सप्टेंबर 2006 पर्यंत ‘ग्यूदोनचं दुकान’ डुकराच्या मांसाचं बुतादोन विकून चाललं.

गोमांस नको असेल तर

‘ग्यू’ म्हणजे गाय-बैल, ‘बुता’ डुक्कर, ‘तोरी’ कोंबडी, ‘तामागो’ अंडं, ‘साकाना’ मासा. या पाच शब्दांची जपानी अक्षरं फोनमध्ये फोटो काढून ठेवली तर कुठल्याही कूपन यंत्रावर जुळवून बघता येतात. भाषांतराच्या अ‍ॅपपेक्षा हे भरवशाचं, कारण अ‍ॅप फोटोवरच्या तिरप्या, सजवलेल्या अक्षरांना हमखास फसतं.

ग्यूदोनच्या दुकानात कोंबडीचे पदार्थही असतात, पण स्वयंपाकघर एकच, पळ्या-चिमटे एकच. ज्यांना तेवढंही चालत नाही त्यांनी योशिनोया, सुकिया, मात्सुया या तिघांकडे जाऊच नये. ज्यांना फक्त ताटात गोमांस आणि डुक्कर नको आहे, त्यांच्यासाठी नाकाऊ ही चेन चांगली. तिथला ओयाकोदोन, म्हणजे कोंबडी आणि अर्धवट बांधलेलं अंडं घातलेला भात, कुठल्याही ग्यूदोनच्या तोडीचा आहे. ओयाको म्हणजे आई-बाप आणि लेकरू. कोंबडी आणि अंडं एकाच वाडग्यात, म्हणून हे नाव. विनोद जरा क्रूर आहे, पदार्थ मऊ आहे. अंडं मुद्दाम पातळ ठेवतात, ते कच्चं राहिलं अशी तक्रार करू नये.

जास्त फसवतात ते ‘हाम्बागू’. जपानात बर्गरच्या आतली टिक्की किंवा ताटात येणारं हाम्बागू बऱ्याचदा गाय आणि डुक्कर दोन्हींच्या खिम्याचं असतं, आणि नावात दोन्हींपैकी कुणाचाच उल्लेख नसतो. करीच्या बाबतीतही तेच. जपानी करीला घट्टपणा येतो तो मैदा आणि चरबी परतून केलेल्या गोळ्यामुळे, आणि बाजारातल्या नेहमीच्या गोळ्यांत गाय किंवा डुकराची चरबी सर्रास असते. ‘चिकन करी’ लिहिलंय म्हणून फक्त चिकन, असं धरून चालू नये. ‘मग आपले फ्रेंच फ्राइज बरे’ म्हणून जपानी मॅकडोनाल्ड्समध्ये शिरणाऱ्यांसाठी: तिथे बटाटे तळायचं तेल पाम तेल आणि गोमांसाची चरबी मिसळून केलेलं असतं. कंपनी हे लपवत नाही, आपण विचारत नाही.

न दिसणारा मासा

आता शाकाहारींची खरी गाठ. तिचं नाव दाशी. कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे उकडून, धुरावर सुकवून लाकडासारखा कडक केलेला मासा, यांचं पाणी म्हणजे दाशी. हा मासा ट्यूनाच्या कुळातला. कोकणात ज्याला कुपा म्हणतात त्याच गोतावळ्यातला. त्याचा कीस पाण्यात मिनिटभर ठेवून गाळून टाकतात. चोथा टाकला जातो, चव राहते. त्यामुळे वाडग्यात माशाचा तुकडा शोधून काही उपयोग नाही. मिसो सूप, उदोन आणि सोबा या नूडल्सचा रस्सा, तेंपुराबरोबरचं (पिठात बुडवून तळलेल्या भाज्या-कोळंबीबरोबरचं) पातळ सॉस, भातावर ओतलेलं गोडसर सॉस, जपानी ऑम्लेट, उकडलेल्या भाज्या: सगळ्यांत दाशी.

‘निकु नाशी’, म्हणजे मांसाशिवाय, एवढं सांगून भागत नाही. रोजच्या बोलण्यात ‘निकु’ म्हणजे मांसाचा दिसणारा तुकडा. मासा त्यात येत नाही, हॅम-बेकनचे बारीक तुकडे कधी येतात कधी नाही, आणि अर्क तर कुणाच्या मनातही येत नाही. म्हणून वाक्य असं करावं: ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन, दाशी मो दामे देसु.’ मांस आणि मासा खात नाही, दाशीही नको. हे ऐकल्यावर कर्मचारी क्षणभर थबकला आणि मान तिरकी करून हवा आत ओढली, तर उत्तर ‘नाही’ आहे. तो उद्धट नसतो. चेनमधलं सॉस कारखान्यातून तयार पिशवीत येतं, त्यातला मासा त्याला काढता येत नाही. छोट्या घरगुती हॉटेलात स्वयंपाकी एखादा पदार्थ वेगळा करून देईल, चेनमध्ये ते शक्यच नसतं.

एक गोष्ट मात्र चेनमध्येच चांगली मिळते: अ‍ॅलर्जीचा तक्ता. बहुतेक मोठ्या चेन वेबसाइटवर प्रत्येक पदार्थासमोर अंडं, दूध, गहू, कोळंबी यांचे रकाने देतात, आणि त्यापुढे बऱ्याचदा गोमांस, डुक्कर, कोंबडी, जिलेटिन यांचेही. सॉसमधला अर्क किंवा चरबी पकडायला हा तक्ता फार उपयोगी. ‘भाज्यांचं’ नाव असलेल्या पदार्थासमोर डुकराच्या रकान्यात खूण दिसली की प्रश्न मिटला. पण यात एक मोठं भोक आहे. माशांपैकी साबा आणि साके, म्हणजे बांगड्याच्या जातीचा मासा आणि सामन, यांना रकाना असतो, कात्सुओला, म्हणजे दाशीतल्या त्या माशाला, नसतो. म्हणजे सगळे रकाने कोरे असले तरी दाशी असू शकते. तक्ता मांसासाठी वापरावा, माशासाठी नाही.

कोकोइचीची करी: कोणती, किती, केवढी तिखट

शाकाहारी माणसाला चेनमध्ये गरम भात जेवायचा असेल तर पहिलं नाव करी हाउस कोको इचीबान्याचं, बोलीत कोकोइची. नागोयाजवळ 1978 साली सुरू झालेली ही चेन आज जगातली सर्वांत मोठी करीची चेन म्हणून ओळखली जाते. 2020 मध्ये तिने गुरुग्राममध्येही दुकान काढलं. करीच्या देशात जपानी करी विकणं धाडसाचंच. पण जपानात करी आली ती मेइजी काळात इंग्रजांमार्फत, मैद्याच्या दाट सॉसच्या रूपात, त्यामुळे तिला आपली करी समजून खाल्लं तर निराशाच होईल. वेगळा पदार्थ म्हणून खावी.

ऑर्डर चार पायऱ्यांत द्यायची: सॉस, भाताचं वजन, तिखटपणा, वरचं टॉपिंग. सगळी गोम सॉसमध्ये आहे. काही न सांगितल्यास डुकराच्या मांसाच्या अर्काचा सॉस येतो. ‘यासाई करी’, म्हणजे भाज्यांची करी, मागवली तरी त्याच सॉसमध्ये भाज्या घालून येते. आपले लोक सगळ्यांत जास्त फसतात ते या नावाला. प्राण्यांपासूनचा कुठलाच घटक नसलेली करी वेगळी आहे, तिचं नाव ‘बेजी करी’, आणि ती सगळ्याच शाखांत नसते. मेनूत तिचं स्वतंत्र पान किंवा कार्ड असतं, ते मागावं. ही करी घेतली आणि वर कटलेट किंवा तळलेलं काही मागवलं तर मुद्दा संपला, कारण तळणीचं तेल एकच. पालक, टोमॅटो अशी न तळलेली टॉपिंग कोणती ते विचारून घ्यावं; वांगं बऱ्याचदा तळून येतं.

भात ग्रॅममध्ये मागायचा. कमी घेतला तर पैसे कमी होतात. जपानी भात चिकट आणि जड असतो, त्यामुळे घरच्या अंदाजाने मोठा आकडा सांगू नये. लागला तर पुढच्या वेळी वाढवता येतो.

तिखटाची पातळी आकड्यांत. साधी पातळी मराठी जिभेला फिकी, 1 आणि 2 बेताच्या, 3 ला कपाळावर घाम. 5 च्या पुढची पातळी ज्यांनी आधी 5 संपवली आहे त्यांच्यासाठीच, असा दुकानाचा नियम आहे. कोल्हापूरचे म्हणून थेट 8 वर उडी मारण्यात शहाणपण नाही. हे तिखट शिजलेल्या मसाल्याचं नसतं, वरून वाढवत नेलेल्या पुडीचं असतं. ठेच्यासारखी खुमारी येत नाही, नुसती आग होते आणि सॉस कडसर लागतो. शिवाय पातळी वाढली की पैसेही वाढतात. टेबलावर ‘तोबिकारा’ नावाची तिखट पूड फुकट असते. करी साध्या पातळीची घ्यावी आणि ही पूड घासागणिक भुरभुरावी. शेजारच्या बरणीत फुकुजिन्झुके, म्हणजे लालसर गोड लोणचं. लोणच्याशिवाय ज्यांचा घास उतरत नाही त्यांची सोय.

उदोन, बर्गर आणि बाकीचं

मारुगामे सेइमेन ही उदोनची चेन बघायला तरी जावं, कारण कणीक मळण्यापासून नूडल्स कापण्यापर्यंत सगळं डोळ्यांसमोर चालतं. मैदा, मीठ आणि पाणी, बाकी काही नाही. नाव शिकोकू बेटावरच्या उदोनसाठी प्रसिद्ध असलेल्या मारुगामे शहराचं, पण पहिलं दुकान 2000 साली ह्योगो जिल्ह्यातल्या काकोगावात निघालं. पद्धत लग्नातल्या बुफेसारखी: ट्रे घ्या, पहिल्या काउंटरवर उदोनचा प्रकार आणि आकार सांगा, पुढे तेंपुराच्या काचेवरून हवं ते उचला, शेवटी पैसे, आणि त्यानंतर कांद्याची पात, आलं, तळणीचा चुरा फुकट. रांग मागे जात नाही, म्हणून रताळ्याचं तेंपुरा पुढे गेल्यावर आठवलं तर विसरून जावं. प्रकार असे: ‘काके’ गरम रश्शात, ‘बुक्काके’ थोड्या दाट रश्शात गरम किंवा थंड, ‘झारू’ थंड आणि बुडवून खायचं, ‘कामाआगे’ उकळत्या पाण्यासकट लाकडी घंगाळात. कामाआगेत नूडल्सचा मऊपणा सगळ्यांत चांगला कळतो. स्वस्त उदोन घेऊन दोन-तीन तेंपुरा उचलले की बिल दुप्पट होतं; चेनची कमाई तिथेच आहे. दाशी टाळणाऱ्यांसाठी इथे फारसं काही नाही, टेबलावरची सोय सॉसची बाटलीही अनेकदा दाशी मिसळलेली असते.

सोबाबद्दल एक जाताजाता. सोबा कुट्टूचा, म्हणून उपासाला चालेल असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. चेनमधल्या सोबात गहू असतोच आणि रस्सा माशाचा.

मॉस बर्गर हे 1972 सालचं, टोकियोचंच. तेरियाकी बर्गर त्यांनी 1973 मध्ये आणला, आणि 1987 मध्ये पावाऐवजी दाबून भाजलेल्या भाताच्या चकत्यांचा राइस बर्गर. इथे घाईत जाऊ नये. ऑर्डर दिल्यावरच बनवायला घेतात, नंबरचा फलक देतात, दहा मिनिटं सहज जातात. सॉस इतका ओघळता असतो की बर्गर कागदी पिशवीतून बाहेर काढायचा नसतो, पिशवीसकट खायचा. शेवटी तळाशी उरलेला सॉस हाच अनेकांचा आवडता भाग. 2020 मध्ये त्यांनी ग्रीन बर्गर काढला: वनस्पतीजन्य टिक्की, आणि कांदा-लसूण वगैरे उग्र कंद-पाती वगळलेल्या. बौद्ध आहारपद्धतीतल्या ‘पाच उग्र भाज्यां’च्या नियमावरून हे आलं, पण जैन वाचकांच्या ते लगेच लक्षात येईल. चेनचे मेनू ऋतूगणिक बदलतात, तेव्हा जायच्या दिवशी तो यादीत आहे ना ते बघूनच निघावं.

संपूर्ण शाकाहारी रामेन, म्हणजे रश्शातल्या नूडल्स, हवं असेल तर टीज तांतान ही छोटी चेन टोकियो स्टेशनात आहे, पण रेल्वेच्या फाटकाच्या आत. बाहेरून फक्त जेवायला जायचं तर फलाटाचं तिकीट काढावं लागतं आणि त्याची मुदत दोन तासांची असते. त्यापेक्षा गाडी बदलायच्या वेळेला जेवण जुळवलेलं बरं.

फिरत्या पट्ट्याच्या सुशीत, म्हणजे सुशिरो, कुरा, हामा वगैरेंत, कुरा सोडली तर आता पट्ट्यावर बशा क्वचितच फिरतात. टॅब्लेटवर मागवलेली बशी थेट तुमच्यासमोर येऊन थांबते. काकडीचा ‘काप्पा माकी’ बहुतेक वेळा सुरक्षित. गोड तोफूच्या पिशवीतली ‘इनारी’ दिसायला निरागस, पण दाशीत शिजवलेली. टेबलाला एक काळा नळ असतो. तो हात धुवायचा नाही. त्यातून हिरव्या चहासाठी जवळजवळ उकळतं पाणी येतं, कप दाबला की सुटतं.

गर्दी 12 ते 1 मध्ये सगळ्यांत जास्त. कचेऱ्या सुटतात आणि यंत्रापुढे रांग लागते. पहिलीच वेळ असेल तर अडीच-तीनला जावं, यंत्र निवांत वाचता येतं. नाहीतर सकाळी. योशिनोया, सुकिया, मात्सुया तिघांकडे 11 पर्यंत न्याहारीची ताटं असतात: भात, मिसो सूप, नोरीची (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची) पानं, अंडं किंवा नात्तो, म्हणजे आंबवलेले चिकट सोयाबीन. अंडं चालणाऱ्या पण मांस-मासा न खाणाऱ्या माणसाला या दुकानांत मिळणारं हे सगळ्यांत जवळचं जेवण. सूप बाजूला सारायचं. नात्तोच्या डब्यात दोन पुड्या असतात, एक मोहरीची आणि एक सॉसची. सॉसच्या पुडीत कात्सुओ असतो, तेव्हा मोहरी घ्यायची आणि सॉसची पुडी न फोडता तशीच ट्रेवर ठेवायची.